विद्यार्थ्यांशी एन्क्रिप्टेड ईमेलने पत्रव्यवहार कसा करावा?

विद्यार्थ्यांचे वैद्यकीय कागद आणि गुण विद्यापीठाच्या ईमेलवरून एन्क्रिप्ट करून (मधल्या कुणाला वाचता येणार नाही असे) कसे पाठवायचे आणि कसे मागवायचे, असा तुमचा प्रश्न आहे. घोडं अडतं ते विद्यार्थ्यापाशी. त्याची सार्वजनिक की (त्याला पाठवायचा मजकूर कुलूपबंद करणारी डिजिटल किल्ली; तो उघडणारी खाजगी की फक्त त्याच्याकडे असते) तुमच्याकडे नसेल तर त्याला एन्क्रिप्टेड मेल जाऊच शकत नाही. नुसतं तुमचं सर्टिफिकेट (तुमचा पत्ता आणि सार्वजनिक की जोडणारा डिजिटल दाखला) असेल तर तुम्हाला फक्त डिजिटल सही करता येते, आणि तो तुम्हाला एन्क्रिप्ट करून पाठवू शकतो.

आयटी विभाग विद्यार्थ्यांनाही एस/माइमचं (मेलवर सही आणि एन्क्रिप्शन करायची एक प्रमाणित पद्धत) सर्टिफिकेट देत असेल तर तोच मार्ग धरा. आउटलुक, अ‍ॅपल मेल, थंडरबर्ड सगळ्यांत ते चालतं. थंडरबर्डमध्ये अकाउंट सेटिंग्जमधल्या एंड-टू-एंड एन्क्रिप्शनच्या पानावर जाऊन पी१२ फाइल (तुमचं सर्टिफिकेट आणि खाजगी की यांची फाइल) इम्पोर्ट करा आणि सही व एन्क्रिप्शन दोन्हींसाठी तेच सर्टिफिकेट निवडा. मग दोघांनी एकमेकांना एकेक मेल नुसती सही करून पाठवायची, एन्क्रिप्ट न करता. सहीबरोबर सर्टिफिकेट येतं. थंडरबर्ड ते स्वतःच साठवतो. आउटलुकमध्ये मात्र पाठवणाऱ्याला कॉन्टॅक्ट्समध्ये घालावं लागतं, आणि बहुतेकांचं गाडं इथेच अडतं.

तरीही एन्क्रिप्ट होत नसेल तर आधी पत्ता बघा. सर्टिफिकेट विद्यापीठाच्या पत्त्याचं आणि विद्यार्थी लिहितोय खाजगी जीमेलवरून, हे नेहमीचंच. त्यानंतर सर्टिफिकेटची मुदत तपासा. विद्यार्थ्याने मेल खाजगी खात्याकडे आपोआप फॉरवर्ड होईल असं लावून ठेवलं असेल, तर तिथे त्याला मजकुराऐवजी 'एसमाइम डॉट पी७एम' नावाची एक न उघडणारी अटॅचमेंट दिसते. मुदत संपलेलं सर्टिफिकेट काढून टाकू नका, जुन्या मेल त्याच्याच खाजगी कीने उघडतात. पी१२ फाइलची एक प्रत पासवर्डसकट सुरक्षित जागी ठेवा.

एस/माइममध्ये विषयाची ओळ सहसा झाकली जात नाही. 'मानसोपचाराच्या कारणाने परीक्षेत सवलत' असं तिथे लिहिलंत तर आतला मजकूर झाकून काय उपयोग? 'तुमचा अर्ज' एवढंच लिहा.

सर्टिफिकेट मिळत नसेल तर ओपनपीजीपी, म्हणजे ज्यात की आपल्या आपण तयार करतो ती दुसरी पद्धत. २०२० च्या ७८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्डमध्ये ते अंगभूत आहे. इथे ओळखीची हमी देणारी संस्था मध्ये नसते, म्हणून कीचा फिंगरप्रिंट (कीची छोटी ओळखखूण, सहसा ४० अक्षरं-आकडे) फोनवर किंवा समोरासमोर ताडून पाहावा लागतो. प्रबंधाच्या विद्यार्थ्याशी वर्षभर पत्रव्यवहार असेल तर हा खटाटोप परवडतो.

एखाददुसऱ्या कागदासाठी मी यात पडणार नाही. ७-झिप या फाइल दाबून बंद करणाऱ्या प्रोग्राममध्ये ७झेड फॉरमॅट निवडा, पासवर्ड द्या, फाइलनावं एन्क्रिप्ट करायच्या चौकटीत खूण करा (झिप फॉरमॅटमध्ये नावं उघडी राहतात) आणि पासवर्ड फोनवर सांगा. जन्मतारीख पासवर्ड म्हणून देऊ नका: १८ ते २५ वयाच्या मुलांच्या शक्य जन्मतारखा ३,००० सुद्धा भरत नाहीत, संगणक त्या बघता बघता तपासतो. काही मेल सर्व्हर अशा फाइल अडवतात, कारण व्हायरस स्कॅनरला आत बघता येत नाही. तेव्हा पोहोचली का, हे विचारून घ्या. जीमेलचा कॉन्फिडेन्शियल मोड म्हणजे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन (फक्त पाठवणारा आणि घेणाराच वाचू शकेल असं) नव्हे.

अख्ख्या वर्गाला मात्र असं काही पाठवायला जाऊ नका. एकाचं जरी सर्टिफिकेट नसलं तरी थंडरबर्ड ती मेल एन्क्रिप्ट करून पाठवत नाही. वर्गाचे गुण लॉगिन लागणाऱ्या पोर्टलवर टाका, मेलमध्ये फक्त 'गुण लागले' एवढं कळवा.