प्रयोगशाळेची पहिली खरेदी

मॅडम, शाळेच्या प्रयोगशाळेचं अनुदान जमा झालं म्हणून लगेच कॅटलॉग उघडू नका. आधी कपाट उघडा. डेडस्टॉक रजिस्टर, म्हणजे टिकाऊ सामानाची नोंदवही, घेऊन बसा. धुळीखाली बरंच सामान धडधाकट निघतं.

काचेत मात्र काटकसर नको. माझ्या पहिल्या वर्षी एका दुकानदाराने स्वस्तात गळ्यात मारलेल्या परीक्षानळ्या स्पिरिटच्या दिव्यावर धरल्या आणि एका तासिकेत सात तडकल्या. साधी काच तापताना सगळीकडे सारखी पसरत नाही. म्हणून तापवायच्या नळ्या आणि चंचुपात्रं बोरोसिलिकेटची, म्हणजे उष्णता सोसणाऱ्या काचेचीच घ्या, बिलावर तसं लिहूनही घ्या. नुसतं मोजायला नव्या सिरिंजा चालतात, सुया काढून. मिलिलिटरच्या खुणा आयत्याच असतात, शिवाय तोंडावर बोट दाबून दट्ट्या ढकलला की बॉईलचा नियम (हवेचं आकारमान घटलं की दाब वाढतो) मुलांच्या हाताला कळतो.

सूक्ष्मदर्शक चार डुगडुगते घेण्यापेक्षा एकच चांगला घ्या. सोबत फोल्डस्कोप, म्हणजे कागदाच्या घड्या घालून बनवायचा सूक्ष्मदर्शक, ठेवा. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने 2014 मध्ये मांडलेला हा प्रकार सुमारे 140 पट मोठं दाखवतो. कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशी छान दिसतात.

आम्ल-आम्लारी ओळखायचा लिटमस कागद संपला? हळदीत भिजवून वाळवलेला कागद साबणाच्या पाण्यात लाल होतो. आम्लात मात्र पिवळाच राहतो, त्यासाठी जास्वंदीचा रस काढा. मुलं फुलं घेऊन येतात, नको इतकी!

आम्लाच्या बाटल्या कुलपात, किल्ली तुमच्याकडे. विरल करताना पाण्यात आम्ल, थेंबाथेंबाने. उलट कधीच नाही. मुख्याध्यापकांकडे संरक्षक चष्म्यांची मागणी आजच टाका, बिलं पास व्हायला वेळ लागतो.