आधी ओहोटी बघा, मग बस ठरवा

प्रश्न : मी कुडाळजवळच्या शाळेत विज्ञान शिकवते. गेल्या वर्षी आठवीची ४५ मुलं घेऊन गोव्यात चोडण बेटावरच्या डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात गेलो होतो. फेरीबोटीत मुलं खूश होती, पण आत तासभर फिरूनही दोन-चार बगळ्यांपलीकडे काही दिसलं नाही. यंदा जानेवारीत पुन्हा न्यायचं म्हणते. आमचं काय चुकलं? आणि मगर दिसेल का, असं मुलं सारखी विचारतात.
– एक शिक्षिका

उत्तर : बाई, तुम्ही किती वाजता पोचलात ते लिहिलेलं नाही, पण खाडीला तेव्हा भरती असणार. डिचोलीत शिकवत असताना माझ्या पहिल्या सहलीचं हेच झालं. भर भरतीला ५२ मुलांसह पोचलो. चिखल सगळा पाण्याखाली, तिवरांचे, म्हणजे खाडीतल्या खारफुटीच्या झाडांचे, नुसते शेंडे दिसत होते. पक्ष्यांची नावं लिहायला म्हणून आखून आणलेलं वहीतलं पान एका मुलीने कोरंच परत नेलं. ते पान मी विसरलेलो नाही.

हे अभयारण्य १९८८ साली झालं. जागा जेमतेम १.७८ चौरस किलोमीटर आणि जवळजवळ सगळं कांदळवन. पाणी उतरलं की चिखल उघडा पडतो आणि मग तिथे पंगत बसते : बगळे, तुतवार, खंड्या, वरती ब्राह्मणी घार. म्हणून तारीख शाळेच्या सोयीने नको, तिथी बघून ठरवा. ढोबळ हिशेब असा की षष्ठी ते अष्टमीच्या सुमाराला ओहोटी सकाळी साडेनऊ ते अकराच्या दरम्यान येते. हे दिवस भांगाचे, म्हणजे भरती-ओहोटी कमी असण्याचे; पाणी उधाणाइतकं दूर हटत नाही, पण मुलांना पुरेसा चिखल मिळतो. पक्कं करण्याआधी मुरगाव बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक जरूर बघा. होडीतून आत जायचं असेल तर मात्र भरतीच लागते. एका दिवसात दोन्ही साधायचा हट्ट धरू नका.

बस रायबंदरलाच ठेवा. फेरीबोटीने पायी जा, पलीकडे उतरलं की अभयारण्य जवळच आहे. गणवेशाचे पांढरे शर्ट नकोत. पाणी, स्वच्छतागृह, सगळं अलीकडच्या काठावरच उरकून घ्या.

आणि ४५ मुलं एकदम आत सोडू नका. पंधरा-पंधराचे तीन गट करा. प्रत्येक गटाला एका जागी दहा मिनिटं गप्प उभं करा. पहिली तीन मिनिटं चुळबुळ होते. मग चिखलात काहीतरी हलतं. तो निवटा असतो. तुमच्याकडच्या मुलांनी तो बाजारात किंवा ताटात पाहिलेला असेल, पण परांवर रेटा देत चिखलातून चालणारा, ओल्या कातडीतून हवेतला श्वास घेणारा मासा जिवंत बघितलेला नसेल. शेजारच्या बिळातून एक मोठी नांगी असलेला नर खेकडा बाहेर येतो आणि ती नांगी मादीला बोलावल्यासारखी वरखाली करत राहतो. हे दिसलं की पक्षी कशासाठी येतात ते वेगळं शिकवावं लागत नाही.

तिवराचं पान तोडू न देता मुलांना त्यावर फक्त बोट फिरवायला सांगा आणि ते जिभेला लावायला. खारट लागतं. झाडाने खाडीच्या पाण्यातलं मीठ पानावाटे बाहेर टाकलेलं असतं. माझ्या मुलांना अख्ख्या सहलीतलं हेच सगळ्यात जास्त आठवतं.

मगरीचं आश्वासन मात्र देऊ नका. मगरींसाठी नाव आहे ते कुंभारजुवे कालव्याचं, तो मांडवी आणि जुवारी या नद्यांना जोडतो. दिसली तर भाग्य, पण मगरीवर डोळा ठेवून गेलेल्या मुलाला समोरचा खंड्या दिसत नाही. तेव्हा बसमध्ये मगरीऐवजी निवट्याची गोष्ट सांगा.