‘मकडी’मधली ती जुळ्या बहिणींचं काम केलेली मुलगी नंतर गायब का झाली? बालकलाकारांचं करिअर मोठेपणी संपतंच का?

तुमचा प्रश्न वाचला आणि खाली तुम्ही लिहिलंय की मुलगी आठ वर्षांची आहे, सिरीयलमध्ये रोल मिळतोय, म्हणून विचारताय, तर आधी पहिल्या भागाचं सांगते. श्वेता बसू प्रसाद गायब झालीच नव्हती ओ. निदान आमच्या सोलापुरात तरी नाही.

आम्ही तिथल्या पूर्व भागातले, पद्मशाली म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, घरात तेलुगू आणि दाराबाहेर पडलं की मराठी. आमच्याकडे थेटरात तेलुगू पिक्चर लागतात आणि गर्दीने चालतात. 2008 मध्ये ‘कोत्त बंगारु लोकम’ आला, कॉलेजातल्या पोरापोरीची लव्हस्टोरी, त्यातली स्वप्ना म्हणजे हीच. ती ‘एक्कडा’ हा शब्द (म्हणजे ‘कुठं’) असा लांबवून म्हणते की आमच्या गल्लीतल्या सगळ्या पोरी महिनाभर तसंच बोलत होत्या. नंतर तो पिक्चर केबलवर लागायला लागला. आई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसायची, हात आपले चालूच असायचे, पण स्वप्ना पडद्यावर आली की पान कापायची कात्री तेवढी थांबायची. मी म्हटलं अम्मा, ही मकडीतली मुलगी आहे, चुन्नी आणि मुन्नी दोन्ही हिनेच केलेल्या. आईला पटेना. ती म्हणाली ती तर एवढीशी होती, आणि हाताने सुपाच्या कडेएवढी उंची दाखवली.

मी श्वेताच्याच वयाची, तिचा जन्म 1991 चा. मकडी 2002 चा, विशाल भारद्वाजने दिग्दर्शन केलेला पहिला पिक्चर. चेटकीण झालेल्या शबाना आझमीसमोर अकरा वर्षांची पोर उभी राहते, आणि कोंबडी झालेली बहीण परत मिळवायला तिला शंभर कोंबड्या गोळा करून द्यायच्या असतात. त्या कोंबड्यांच्या मागे पळतानाचा तिचा चेहरा मला आजही आठवतो, तिथं ती नुसती गोड दिसत नाही, खरोखर घाबरलेली असते. तिला त्यासाठी बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. मग 2005 ला ‘इक्बाल’, त्यात श्रेयस तळपदे मूकबधिर बॉलर आणि ही त्याची धाकटी बहीण खदिजा, त्याच्या खुणांना शब्द देणारी. ‘कहानी घर घर की’ सिरीयलमध्येही ती लहानपणीच दिसायची.

आता तुम्ही जिथं ‘गायब’ म्हणता तिथं काय झालं ते बघा. सतरा वर्षांची मुलगी हिंदीत ना लहान ना हिरॉईन. लोकांच्या डोळ्यात चुन्नीच बसलेली, तिला प्रेमात पडताना बघायची कुणाची तयारी नसते. तेलुगू प्रेक्षकाला ही नवीन होती, त्याने तिला सरळ हिरॉईन म्हणून घेतलं. बंगालीत मिथुन चक्रवर्तींबरोबर काम केलं, तमिळमध्ये केलं. म्हणजे ती एका भाषेतून दुसरीकडे गेली, आणि हिंदी बघणाऱ्यांना वाटलं संपली. हे मला फार लागतं, कारण आमच्या घरात दोन्ही चालू होतं, मला ती सलग दिसत होती.

त्यात तिने मास मीडिया, जर्नालिझमचं शिक्षण घेतलं आणि शास्त्रीय संगीतावर ‘रूट्स’ नावाची डॉक्युमेंटरी स्वतः केली. माझ्या मते तिला पुढे जे रोल मिळाले ते ह्याच काळामुळे, कारण कॅमेऱ्याच्या मागं काय चालतं ते कळलेला नट वेगळा दिसतो. 2016-17 ला स्टार प्लसवर ‘चंद्र नंदिनी’मध्ये नंदिनी, मग 2020 ला ‘सीरियस मेन’, 2022 ला ‘इंडिया लॉकडाऊन’, 2023 ला ‘जुबिली’. तुम्ही मात्र एकच बघा, ‘क्रिमिनल जस्टिस’ ह्या वेब सिरीजचा 2022 चा सीझन. त्यात खून झालेली मुलगी कोण, तर लहान वयात गाजलेली स्टार, आणि तिच्या बाजूने कोर्टात उभी राहणारी सरकारी वकील लेखा म्हणजे आपली श्वेता. समोर पंकज त्रिपाठी, तरी ही दबत नाही. जी स्वतः त्या वयात कॅमेऱ्यासमोर होती ती त्या पोरीची केस मांडतेय, मला तर ते बघताना गलबलून आलं.

आता तुमच्या मुलीचं. सगळ्यांचं श्वेतासारखं होईल असं नाही, आणि नंतर अभिनय सोडला तर ते फेल्युअर पण नाही.

पण नियम माहीत ठेवा, कारण सेटवर कुणी सांगत नाही. बालमजुरीच्या कायद्याचे 2017 चे नियम आहेत. प्रोड्युसरला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. दिवसाला पाच तासांच्या वर काम नाही, आणि विश्रांती न देता सलग तीन तासांच्या वर नाही. सलग 27 दिवसांपेक्षा जास्त नाही, म्हणजे डेली सोपवाले ‘महिनाभर इथंच राहा’ म्हणतात ते चालत नाही. आणि मुलीच्या कमाईतले किमान 20 टक्के राष्ट्रीयीकृत बँकेत तिच्या नावाने फिक्स डिपॉझिट करायचे, ते तिला सज्ञान झाल्यावर मिळतात. ही पावती प्रोड्युसरकडे मागून घ्या, लाजू नका.

आमच्या ओळखीतल्या एका पोरीचं शूटिंग रात्री उशिरापर्यंत चालायचं आणि सकाळी शाळेत ती बाकावर झोपायची, बाईंनी घरी निरोप पाठवल्यावर आईबापाला कळलं. तेव्हा हे नियम कुणालाच माहीत नव्हते, त्यांनी पुढचा सीझन केला नाही, पोरीने मात्र शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाटक सोडलं नाही. तुमच्या मुलीला शूटिंगवरून आल्यावर ‘कसं झालं’ विचारू नका, ‘दमलीस का’ विचारा, आणि ती हो म्हणाली तर दुसऱ्या दिवशीचा कॉल टाइम, म्हणजे सेटवर पोचायची वेळ, पुढे ढकलायला सांगा.