सासूबाईंच्या बटणांच्या फोनला नेट कशाला?

वाचकांचे प्रश्न : मोबाइल रिचार्जची दरवाढ

प्रश्न : आम्ही मंगळवार पेठेत राहतो. मिस्टर शिरोलीला फौंड्रीत आहेत. मी घरातून डबे देते, त्यांच्या ऑर्डरी व्हॉट्सअ‍ॅपवर येतात. मुलगा बारावीला आहे. आमच्या तिघांचे २३९ चे रिचार्ज २९९ ला गेले, तेव्हापासून महिन्याचा मेळ बसत नाही. सासूबाईंचा बटणांचा फोन आहे, त्यालाही १७९ चे १९९ झाले. दुकानदार म्हणतो, याच्या खाली काहीच नाही. मिस्टर चिडून म्हणतात, सगळी कार्डं दुसऱ्या कंपनीत टाकू. काय करावं?
– एक गृहिणी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : वहिनी, आधी तुमच्या घरचा हिशेब मांडतो. २८ दिवसांचा रिचार्ज वर्षात बारा वेळा नाही, तेरा वेळा करावा लागतो. एका फोनला ६० रुपये वाढले म्हणजे वर्षाला ७८०. तिघांचे २३४० आणि सासूबाईंचे २६०, असे २६०० रुपये वर्षाला जास्तीचे गेले. घरात कुणाचं बोलणं वाढलं नाही की कुणाचा पगार. मिस्टरांचा राग खरा आहे.

राजारामपुरीत माझं रिचार्जचं दुकान आहे, त्यामुळे जुलै २०२४ ची दरवाढ मी गल्ल्यावर बसून पाहिली. जिओने २७ जूनला जाहीर केलं, एअरटेल आणि व्हीआय दुसऱ्याच दिवशी त्याच वाटेने गेले. जिओ-एअरटेलचे नवे दर ३ जुलैपासून, व्हीआयचे ४ पासून. मधल्या दिवसांत दुकानात उभं राहायला जागा नव्हती. चालू पॅक संपायच्या आधी पुढचा भरून ठेवता येतो, हे ज्यांना माहीत होतं आणि ज्यांच्या हातात पैसे होते, त्यांनी वर्षाचा रिचार्ज २९९९ मध्ये करून घेतला. तोच पुढच्या आठवड्यात ३५९९ झाला. मार्केट यार्डातला हमाल मात्र पॅक संपल्यावरच आला, म्हणजे नव्या दराने. शिव्या दोघांनीही दिल्या. भुर्दंड एकालाच बसला.

मला सगळ्यात जास्त लागतं ते वेगळंच. दीड-दोन जीबी रोज वापरणाऱ्याचा दर पाचव्या हिश्शाच्या आसपास वाढला, त्याची बातमी झाली. पण फोन नुसता चालू ठेवायला लागणारी रक्कम किती वाढत गेली, तिकडे कुणी बघत नाही. २०१८ च्या शेवटी एअरटेलवर ३५ रुपयांत २८ दिवस कार्ड जिवंत राहत होतं. नोव्हेंबर २०२१ मध्ये त्यासाठी ९९ लागू लागले आणि जुलै २०२४ पासून १९९. मान्य आहे, ३५ मध्ये बोलणं मोजून मिळायचं आणि १९९ मध्ये हवं तेवढं बोलता येतं, वर दोन जीबी नेट. पण ज्या म्हातारीला पुण्याच्या लेकीचा फोन फक्त उचलायचा आहे, तिला त्या दोन जीबीचं काय? एक आजोबा मला म्हणाले, ‘‘नेट नगं मला, तेवढं पैसं कमी कर.’’ मी कमी करू शकत नव्हतो. एसटीची वरची शिडी हवी तेवढी उंच करा, पण पहिली पायरी उंच केली की म्हातारं माणूस खालीच राहतं. आणि नंबर बंद करायचा तरी कसा? बँकेचा ओटीपी त्यावर, आधार त्यावर, गॅसचं बुकिंग त्यावर.

यावर आता एक वाट निघाली आहे, ती तुमच्या दुकानदाराने सांगायला हवी होती. मोबाइल कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या ट्राय या सरकारी नियामकाने २३ डिसेंबर २०२४ ला नियम केला, की नेट नसलेला, फक्त कॉल आणि एसएमएसचा पॅक प्रत्येक कंपनीने ठेवलाच पाहिजे. अशा पॅकची मुदतही ९० ऐवजी ३६५ दिवसांपर्यंत ठेवायला परवानगी दिली. त्यानंतर जानेवारी २०२५ मध्ये हे पॅक आले. जिओचा ८४ दिवसांचा ४४८ ला, ३३६ दिवसांचा १७४८ ला. एअरटेलचा ८४ दिवसांचा ४६९ ला आणि ३६५ दिवसांचा १८४९ ला. १९९ चा पॅक वर्षभर भरत राहिलात तर २५८७ होतात. १८४९ च्या पॅकने सातशेच्या वर वाचतात. एकदम एवढे काढणं जड जात असेल तर ८४ दिवसांचा घ्या, तोही २८ दिवसांच्या पॅकपेक्षा परवडतो. आकडे मधेच बदलतात, म्हणून भरायच्या आधी मुलाला कंपनीच्या अ‍ॅपवर बघायला सांगा. दुकानात ‘सगळ्यात स्वस्त कुठला’ असं विचारू नका. ‘नेट नसलेला, फक्त कॉलचा’ असं स्पष्ट मागा.

तुमच्या तिघांचं म्हणाल, तर आठवडाभर रोज रात्री प्रत्येकाने किती नेट वापरलं ते फोनच्या सेटिंगमध्ये पाहा. डब्याच्या ऑर्डरींना २९९ च्या पॅकमधलं दिवसाचं दीड जीबी नेट लागत नाही, हे मी खात्रीने सांगतो. मिस्टर फौंड्रीत पाळीला असताना फोन लॉकरमध्येच असेल. मग दीड जीबी रोजचा पॅक एकट्या मुलाला ठेवायचा, तुम्ही दोघांनी २८ दिवसांना थोडं नेट देणारा लहान पॅक घ्यायचा. घरात असताना मुलाच्या हॉटस्पॉटवर तुमचा फोन चालेल. कंपनी बदलायची घाई नको. तिघीही खासगी कंपन्यांनी दर एकाच आठवड्यात वाढवले, इकडून तिकडे जाऊन हातात काही पडणार नाही.

प्रश्न : आमच्या मंडळाच्या पोरांनी ठरवलंय, सगळ्यांनी बीएसएनएलला जायचं. मी कोल्हापुरात खोली घेऊन एमपीएससीचा अभ्यास करतो, गाव राधानगरीच्या वर. जाऊ का?
– एक विद्यार्थी

उत्तर : पोरांचा राग मला आवडला, कारण तो कंपन्यांना दिसला. ट्रायच्या आकड्यांनुसार जुलै २०२४ या एका महिन्यात बीएसएनएलला सुमारे २९ लाख ग्राहक नवे मिळाले आणि तिन्ही खासगी कंपन्यांचे मिळून ३८ लाखांच्या आसपास गेले. पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये बीएसएनएलचेच तीन लाखांहून जास्त ग्राहक कमी झाले. दर न वाढवल्यामुळे माणसं आली. त्यांना थांबवून ठेवायला टॉवर लागतो. बीएसएनएलचं देशी बनावटीचं ४जी २७ सप्टेंबर २०२५ ला देशभर सुरू झालं, तेव्हा आता चित्र आधीपेक्षा बरं असायला हवं. तुझ्या खोलीत आणि तुझ्या गावात ते कसं आहे, हे मात्र तूच बघायचं. जुना नंबर हलवू नकोस. बीएसएनएलचं नवं कार्ड घे, फोनच्या दुसऱ्या खोबणीत घाल. खोलीत, अभ्यासिकेत, गावी घरात आणि रानात चालवून बघ. घाटाखाली एका वळणावर रेंज असते, पुढच्या वळणावर नसते, हे तुला मी सांगायला नको.

चाललं, तर मग नंबर हलव. PORT हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून, जागा सोडून आपला नंबर टाकून १९०० वर मेसेज करायचा. येणारा कोड आपल्याकडे चार दिवस चालतो. सध्याच्या कंपनीत ९० दिवस पुरे झालेले हवेत आणि नुकतंच कार्ड बदलून घेतलं असेल तर सात दिवस थांबावं लागतं. जुन्या पॅकचे उरलेले दिवस बुडतात, म्हणून पॅक संपत आला की हे काम कर. बदल होताना फोन काही तास बंद असतो. परीक्षेचा फॉर्म किंवा फी भरायच्या दिवशी अजिबात नको.

प्रश्न : दर वाढवायला यांना कोणी विचारणारा आहे की नाही? तक्रार कुठे करायची?
– एक सेवानिवृत्त वाचक, इचलकरंजी

उत्तर : काका, दर किती ठेवायचा हे कंपनीच ठरवते. नवा दर लागू केल्यावर सात कामाच्या दिवसांत ट्रायला कळवायचं, असं बंधन आहे. त्यामुळे ‘महाग केलं’ ही तक्रार कुठेच टिकत नाही. मला हे पटत नाही, पण आज नियम तसा आहे.

टिकते ती वेगळी तक्रार. पैसे भरून घेतलेल्या पॅकमध्ये मुदत संपायच्या आधी कपात केली, न मागता गाण्याची किंवा क्रिकेटची सेवा लावून पैसे कापले, नेट चालतच नाही, तर सोडू नका. आधी कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक वहीत लिहून घ्या. निकाल पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे ३० दिवसांत जाता येतं, त्याला पैसे पडत नाहीत. पुढे ग्राहक आयोगही आहे. मोबाइलच्या तक्रारी तिथे चालत नाहीत असं कंपन्या सांगायच्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये त्या चालतात असा निकाल दिला. आपला जिल्हा ग्राहक आयोग कोल्हापुरातच आहे. जाताना तक्रारीचा क्रमांक, रिचार्जचा मेसेज आणि पैसे कापल्याचा मेसेज, या तिन्हींची छापील प्रत जवळ ठेवा. मेसेज पुसू नका.