अंतराळवीर घडवायचा म्हणून मुलाची झोप का मोडता?

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र वाचले. आपला मुलगा अकरावीत आहे, गुण उत्तम आहेत, त्याने अंतराळवीर व्हावे अशी आपली इच्छा आहे. आणि दीर्घ मोहिमांसाठी मन कणखर लागते म्हणून वर्षभर आपण त्याला पाच तासच झोपू देता, मित्रांना भेटू देत नाही आणि तक्रार ऐकून घेत नाही. गुणांची मला काळजी नाही. झोप लागत नाही, वाचलेले लक्षात राहत नाही, असे त्याने सांगितले तेव्हा ‘एवढेही सोसत नसेल तर अंतराळाचे नाव काढू नकोस’ असे आपण त्याला सुनावलेत, आणि तेव्हापासून तो गप्प आहे याला आपण प्रगती म्हणता. मला ही प्रगती वाटत नाही. आपल्या मुलाने आपल्याला अडचणी सांगणे बंद केले आहे, आणि हे फार गंभीर आहे.

ताण गिळून गप्प राहतो तोच खंबीर, हा समज अंतराळ मोहिमांनीच खोटा ठरवला आहे. नोव्हेंबर १९७३ मध्ये स्कायलॅब या अमेरिकी अंतराळ स्थानकावर गेलेल्या तिघांच्या तुकडीत विल्यम पोग यांना सुरुवातीलाच उलटी झाली. ती पृथ्वीवरच्या नियंत्रण कक्षापासून लपवायचे ठरले, पण यानातल्या ध्वनिमुद्रणातून ते उघड झाले आणि तुकडीला कडक समज मिळाली. पुढे कामाचा रेटा असा वाढला की विश्रांतीचा वेळही कामात जाऊ लागला. अखेर डिसेंबरच्या शेवटी तुकडीचे प्रमुख जेरल्ड कार आणि नियंत्रण कक्ष यांच्यात मोकळेपणाने बोलणे झाले. किरकोळ कामे सवडीने करण्याच्या यादीत गेली, जेवणाची आणि संध्याकाळची वेळ मोकळी राहू लागली, आणि ८४ दिवसांची ती मोहीम त्या बोलण्यामुळे सावरली.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर झोपेसाठी वेळापत्रकात साडेआठ तास राखलेले असतात. दिवसाला सोळा सूर्योदय दिसणाऱ्या त्या जागी शरीराचे घड्याळ बिघडू नये म्हणून दिव्यांचा प्रकाशही वेळेनुसार बदलता येतो. पडद्यावर खूण दिसताच बटण दाबण्याची एक छोटी चाचणी तिथे घेतली जाते, कारण थकलेल्या माणसाला स्वतःचे लक्ष किती ढळले आहे हे नीट कळत नाही. मानसतज्ज्ञांशी नियमितपणे खासगी बोलणे हा तर कामाचाच भाग असतो. मंगळाच्या प्रवासाची तालीम म्हणून मॉस्कोत ५२० दिवस बंदिस्त ठेवले तेही सहा जणांना एकत्र, कारण खरी कसोटी माणसांबरोबर राहण्याची असते. मित्र तोडून आपण त्याचा नेमका तोच सराव बंद केला आहे.

विज्ञान, अभियांत्रिकी, वैद्यक किंवा विमानचालन, यांपैकी कोणत्याही वाटेने तिकडे जाता येते; ती निवड नंतर करता येईल. आधी त्याला पुरेशी झोप आणि त्याचे मित्र परत द्या, याच आठवड्यात त्याला मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या, आणि त्या भेटीत त्याला एकट्याला बोलू द्या. अंतराळवीर होण्याची इच्छा त्याची स्वतःची आहे का, हे आपल्या पत्रात कुठेही आलेले नाही. तो सावरल्यावर त्याला हे विचारा, आणि उत्तर ‘नाही’ आले तर ते मान्य करा.