साठा 'आटला' की 'कमतरता' झाली?

प्रश्न असा आहे की वर्षानुवर्षं दारू पिणाऱ्याच्या लिव्हरमधल्या व्हिटॅमिन ए बद्दल लिहिताना डिप्लीशन (साठा संपत जाणं) आणि डेफिशियन्सी (शरीराला कमी पडणं) या दोन्ही इंग्रजी शब्दांना 'कमतरता'च लिहायचं का, की पहिल्याला 'ऱ्हास' चालेल?

माझ्या मते दोन्हीला एक शब्द नकोच. आणि ऱ्हास तर अजिबात नको, तो संस्कृतीचा, मूल्यांचा होतो, तिथे दर्जा घसरल्याची छटा येते. इथे दर्जा वगैरे काही घसरत नाही, भरलेलं कोठार रिकामं होतं, एवढंच.

शरीरातलं साधारण ८० टक्के व्हिटॅमिन ए लिव्हरमध्ये असतं, तेही बहुतेक स्टेलेट नावाच्या पेशींत, तेलाच्या थेंबांसारखं साठवलेलं (स्टेलेटला 'तारकापेशी' म्हणावं असं मला वाटतं, मुळात अर्थ तोच आहे). रक्तात लागेल तसं तिथून सोडलं जातं. त्यामुळे होतं काय की आतला साठा बराच कमी झाला तरी रक्ताची टेस्ट नॉर्मल येऊ शकते. 'आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार' म्हणतो ना आपण, इथे उलटं, आड आटत चाललाय आणि पोहरा अजून भरून वर येतोय! म्हणून मी डिप्लीशनला 'साठा आटणे' म्हणेन. 'कमतरता' नंतरची, जेव्हा शरीराला खरंच कमी पडायला लागतं आणि अंधारात दिसेनासं होतं, म्हणजे रातांधळेपणा.

पण एक गंमत लक्षात घ्या, 'दारू व्हिटॅमिन आटवते' असं मात्र लिहू नका. विहीर आटते तेव्हा पाणी संपतं, पण दूध आटवतो तेव्हा ते दाट होतं, अर्क मागे राहतो, म्हणजे अर्थ पार उलटा. 'दारूमुळे साठा आटतो' असंच लिहा.

'खाण्यातून मिळत नाही म्हणून' एवढंच कारण देऊन थांबू नका, खाणं नीट असलं तरी साठा आटू शकतो. सततच्या दारूने लिव्हरमधलं सीवायपी२ई१ नावाचं एन्झाइम वाढतं आणि ते व्हिटॅमिन ए पासून बनणारं रेटिनोइक अॅसिड फोडून टाकतं, शिवाय काही व्हिटॅमिन लिव्हरमधून दुसऱ्या अवयवांकडे जातं, त्याला 'उपसा' शब्द फिट बसतो. आणि रेटिनॉल, म्हणजे व्हिटॅमिन ए चंच एक रूप, हे स्वतःच रसायनशास्त्रात एक अल्कोहोल आहे, नावाच्या शेवटचं 'ऑल' त्याचंच, त्यामुळे दारू आणि ते पुढच्या प्रक्रियेसाठी काही एन्झाइम्सच्या एकाच रांगेत उभे असतात. जाता जाता, रेटिनॉल हे नाव डोळ्यातल्या रेटिनावरून आलं आणि अल्कोहोल अरबीतल्या अल-कुहल म्हणजे सुरम्यावरून, दोघांचंही माहेर डोळाच.

तारकापेशींचे थेंब गेले, त्या चेतवल्या गेल्या की कोलॅजन नावाचं धाग्यासारखं प्रथिन बनवत सुटतात, लिव्हरमध्ये व्रणासारखे धागे साचतात. त्या पायरीला फायब्रोसिसच लिहा, उगाच नवा शब्द पाडू नका.

आणि 'साठा भरून काढा' हे वाक्य तर टाळाच. वाचणारा लगेच गोळ्या आणेल, पण व्हिटॅमिन ए जास्त झालं तर ते स्वतःच लिव्हरला विषारी असतं आणि दारू चालू असेल तर तो धोका आणखी वाढतो. त्यापेक्षा 'डॉक्टरांच्या देखरेखीखाली पूरक मात्रा', लांबलचक आहे पण चालेल.