मित्रदेश, पोलीस आणि माहितीची देवाणघेवाण : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : फरारी आरोपीविरुद्ध इंटरपोलची रेड नोटीस निघाली, की मित्रदेशाने त्याला पकडून द्यायलाच हवे ना? मग प्रत्यार्पणाला वर्षानुवर्षे का लागतात?

उत्तर : तसे बंधन नाही. रेड नोटीस म्हणजे अटक वॉरंट नव्हे. आरोपीचा ठावठिकाणा शोधावा आणि प्रत्यार्पणाची कार्यवाही होईपर्यंत त्याला ताब्यात ठेवावे, अशी ती विनंती असते. तिला किती वजन द्यायचे हे प्रत्येक देश आपापल्या कायद्यानुसार ठरवतो. इंटरपोलचे १९६ सदस्य देश असले, तरी कुठेही जाऊन कोणालाही बेड्या घालणारे पथक त्या संघटनेकडे नाही. शिवाय राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणांत पडायला तिच्या घटनेच्या कलम ३ नुसार मनाई आहे.

प्रत्यार्पण हा न्यायालयाचा विषय आहे. संबंधित कृत्य दोन्ही देशांत गुन्हा ठरते का आणि ज्या गुन्ह्यासाठी आरोपी सोपवला जातो त्याच गुन्ह्याचा खटला त्याच्यावर चालेल का, हे तेथे तपासले जाते. युरोपीय संघाने २००४ पासून अमलात आणलेल्या युरोपीय अटक वॉरंटमध्ये (एका सदस्य देशाने काढलेले आणि इतर सदस्य देशांतही चालणारे वॉरंट) ३२ प्रकारच्या गंभीर गुन्ह्यांपुरती यातील पहिली तपासणी वगळली आहे. मात्र सदस्य देशांनी एकमेकांच्या न्यायव्यवस्थेवर विश्वास टाकण्याचे आधी मान्य केले, म्हणूनच हे शक्य झाले.

प्रश्न : मित्रदेशाला दिलेली गुप्त माहिती चुकीची निघाली, तर जबाबदार कोण?

उत्तर : या सदरात आलेल्या प्रश्नांपैकी हा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण यात माणसाच्या आयुष्याचा प्रश्न असतो. माहेर अरार हे सीरियात जन्मलेले कॅनडाचे नागरिक, पेशाने अभियंता. सप्टेंबर २००२ मध्ये घरी परतताना न्यूयॉर्कच्या विमानतळावर अमेरिकी अधिकाऱ्यांनी त्यांना ताब्यात घेतले आणि पुढे कॅनडाऐवजी जॉर्डनमार्गे सीरियाला पाठवले. तेथील कोठडीत त्यांचा छळ झाला. ते जवळपास वर्षभराने सुटले.

कॅनडात न्यायमूर्ती डेनिस ओकॉनर यांच्या आयोगाने २००६ मध्ये दिलेला अहवाल वाचताना मन अस्वस्थ होते. कॅनडाच्या पोलिसांनी आपल्या तपासाची सगळी कागदपत्रे तीन सीडींमध्ये भरून, न चाळता, अमेरिकेच्या हवाली केली होती. अरार हे संशयित अतिरेकी असल्याचे निराधार वर्णनही त्यांनीच कळवले होते. ‘ही माहिती आमच्या संमतीशिवाय अन्य कारणासाठी वापरू नये’ अशी अट कागदांवर घालण्याचा पोलिसांचा स्वतःचा नियम होता आणि तोच पाळला गेला नाही. अरार यांच्याविरुद्ध कोणताही पुरावा नसल्याचे आयोगाने स्पष्ट सांगितले. जानेवारी २००७ मध्ये कॅनडा सरकारने त्यांची माफी मागितली आणि १ कोटी ५ लाख कॅनेडियन डॉलर नुकसानभरपाई दिली.

तेव्हा जबाबदारी देणाऱ्याचीही असते आणि घेणाऱ्याचीही. माहिती देणाऱ्याने तिची खातरजमा करावी, ती कितपत विश्वासार्ह आहे हे लिहावे आणि वापराची अट घालावी. घेणाऱ्याने ती अट पाळावी आणि मित्राकडून आली एवढ्यावरच माहिती खरी मानू नये. अशा अटींमुळे तपास रखडतो, हा आक्षेप मला पटत नाही. उलट, आपण दिलेली माहिती भलत्याच हाती जाणार नाही, अशी खात्री असली तरच कोणतीही यंत्रणा दुसऱ्या देशाला आपल्या खबऱ्यांकडून आलेली बातमी देते.

प्रश्न : पाठलाग सुरू असताना आरोपी सीमा ओलांडून गेला, तर पोलिसांनी तिथेच थांबायचे का?

उत्तर : सर्वसाधारण नियम तोच आहे, कारण दुसऱ्या देशाच्या भूमीवर परवानगीशिवाय पोलिसी अधिकार गाजवता येत नाही. शेंगेन देशांनी, म्हणजे आपसातील सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या युरोपीय देशांनी, मात्र १९९० च्या अंमलबजावणी कराराच्या कलम ४१ मध्ये अपवाद केला आहे. गंभीर गुन्ह्यातील आरोपीचा पाठलाग करणारे पोलीस, आगाऊ परवानगी घेण्याइतका वेळ नसेल, तर सीमेपलीकडे जाऊ शकतात. पण सीमा ओलांडताच तेथील यंत्रणेला कळवावे लागते आणि तिने सांगितले की पाठलाग थांबवावा लागतो. गणवेश, दंडावरची पट्टी किंवा गाडीवरील खुणा यांवरून ते पोलीस असल्याचे सहज ओळखता आले पाहिजे. खासगी घरात शिरण्यास त्यांना बंदी आहे. आरोपीला रोखून धरता येईल का आणि सीमेपासून किती अंतरापर्यंत जाता येईल, हे त्या त्या देशाने केलेल्या घोषणेवर अवलंबून असते. त्यामुळे एकाच देशाच्या दोन सीमांवर पोलिसांना वेगवेगळे नियम लागू असू शकतात.